मोरजी (वार्ताहर) : पॅचवर्कचे काम सुरू

चतुर्थी तोंडावर आली की गोव्यातल्या मराठी दैनिकांच्या तालुका पानांवर एक बातमी हमखास उगवते. गावाचे नाव तेवढे बदलते. कधी मोरजी, कधी मांद्रे, कधी पार्से, कधी डिचोलीतला एखादा वाडा. सुरुवात ‘रस्त्याची अक्षरशः चाळण झाली असून’ अशी. मग दुचाकीस्वारांची कसरत, मग ग्रामस्थांचा संताप, आणि शेवटच्या परिच्छेदात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याचा हवाला : चतुर्थीपूर्वी पॅचवर्क पूर्ण करण्यात येईल. थोड्या दिवसांनी त्याच पानावर दुसरी बातमी, बहुधा फोटोसह. मोरजी (वार्ताहर) : पॅचवर्कचे काम सुरू. फोटोत आमदार किंवा सरपंच, मागे रोलर आणि पायाशी काळ्याभोर डांबराचा चौकोन.

ही बातमी इतकी सवयीची झाली आहे की ती कोणी वाचत नाही आणि छापल्याशिवाय राहतही नाही. मला तिच्यातल्या एका शब्दाचे कुतूहल आहे. इंग्रजी पत्रकार ‘पॅचवर्क’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा रस्ता नसतो. कायद्यांचे पॅचवर्क, पक्षांचे पॅचवर्क, संस्कृतींचे पॅचवर्क, विमानातून दिसणाऱ्या शेतांचे पॅचवर्क, असा त्याचा प्रवास चाललेला असतो. मराठी बातमीत मात्र हा शब्द डांबराला चिकटला तो चिकटला. तो खात्याच्या अंदाजपत्रकातून आला, निविदेतून अभियंत्याच्या तोंडी गेला, तिथून वार्ताहराच्या वहीत. भाषांतर करावे असे कोणाला वाटले नाही, कारण वाचकाला तो कळतो. रूपकाची गरज पडली की आमचे लोक घरातले शब्द काढतात : ठिगळ, गोधडी, कडबोळे, मोट. पेडणे तालुक्यात फिरताना या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर भेटतात, म्हणून हा लेख मोरजीचा.

आधी डांबर.

शिवोलीहून पूल ओलांडून चोपड्याला उतरले की डावीकडचा रस्ता मोरजीला जातो. एका बाजूला शापोरा नदी, दुसऱ्या बाजूला माड, घरे, गेस्ट हाऊस, स्कूटर भाड्याने देणाऱ्यांच्या रांगा, आणि मधूनमधून रशियन लिपीतल्या पाट्या. अशा रस्त्यावरचा खड्डा बुजवायचा म्हणजे काय करायचे, हे कागदावर अगदी स्पष्ट आहे. खड्ड्याची कड वेडीवाकडी असते, तिथे डांबर पातळ होत गेलेले असते. ती सगळी कमकुवत कड कापून खड्ड्याला चौकोनी आकार द्यायचा आणि भिंती उभ्या करायच्या. उतरती कड ठेवली तर नवे डांबर तिथे पापुद्र्यासारखे बसते आणि पहिल्याच आठवड्यात उडते. मग आतली माती, सुटी खडी, पाणी काढून खड्डा झाडून कोरडा करायचा. तळाला आणि चारही भिंतींना पातळ डांबराचा हात द्यायचा, म्हणजे जुन्याला नवे धरते. मग गरम मिश्रण. खड्डा खोल असेल तर एकदम न भरता थरांनी भरायचे, प्रत्येक थर दाबायचा, दाबताना कडेकडून मध्याकडे यायचे, आणि शेवटी पृष्ठभाग आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा किंचित उंच ठेवायचा, कारण उरलेले दाबायचे काम वाहने करतात.

प्रत्यक्षात काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. टेंपो येतो. एकजण लाल फडके घेऊन उभा राहतो, दुसरा खराट्याने दोन हात मारतो, तिसरा भोके पाडलेल्या डब्यातून डांबराची धार सोडतो. पाटीतले मिश्रण ओतले जाते, फावड्याच्या पाठीने थापले जाते आणि टेंपो पुढच्या खड्ड्याकडे सरकतो. कापणे हा प्रकार नाही. खड्डा गोल असतो, ठिगळही गोल बसते. ही माणसे आळशी नसतात. भर उन्हात, वाहनांच्या मधोमध, दीडशे अंशांच्या आसपास तापलेला माल निवायच्या आत संपवायची त्यांना घाई असते. घाई वरून ठरलेली असते, कारण तारीख चतुर्थीची असते आणि तोवर पाऊस गेलेला नसतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हॉटमिक्स प्रकल्प पावसाळ्यात बहुतेक बंद. म्हणून कोल्डमिक्स, म्हणून पेव्हर, म्हणून अलीकडे बातम्यांत आलेले जेट पॅचर यंत्र.

खड्ड्याचे मूळ कारण पाणी आहे, हे कोणताही अभियंता पहिल्या वाक्यात सांगतो. वरच्या थराला बारीक भेग पडते, पाणी खाली उतरते, पाया मऊ होतो, वरून चाक गेले की तो दबतो, आणि एक दिवस वरचे डांबर बसते. त्यामुळे गटार नसलेल्या रस्त्यावर कितीही चांगले पॅचवर्क केले तरी पाणी शेजारी नवी वाट काढते. यात भर खोदकामाची. भूमिगत वीजवाहिनी, पाण्याची वाहिनी, इंटरनेटची केबल, प्रत्येकासाठी वेगळा चर, प्रत्येक चराला वेगळे खाते, आणि बुजवताना प्रत्येकाचा हात वेगळा. मोरजीच्या रस्त्यावर लांबच लांब पट्टे दिसतात ते असे.

आता बातमीकडे परत. ‘पॅचवर्कचे काम सुरू’ हे वाक्य तपासून पाहा. त्यात कर्ता नाही. कोणी सुरू केले, कोणाच्या पैशाने, रस्ता मुळात कधी झाला होता, कंत्राटदाराची दोष-दायित्वाची मुदत संपली होती की नव्हती, यातले काहीही नाही. मुदत संपली नसेल तर ते काम कंत्राटदाराने स्वतःच्या खिशातून करायचे असते, आणि मग फोटोत सरपंचाने उभे राहण्याचे कारण उरत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये गोवा सरकारने खराब रस्त्यांबद्दल कंत्राटदारांना आणि स्वतःच्याच अभियंत्यांना कारणे दाखवा नोटिसा काढल्या, तेव्हा ही मुदत एकाएकी पहिल्या पानावर आली. तोवर ती तालुका पानावरच्या शेकडो बातम्यांत गैरहजर होती. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या २०१३ सालच्या पत्रावरून खड्ड्यांची जनहित याचिका उभी राहिली आणि चांगला रस्ता हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असे न्यायालयाने म्हटले. हक्क म्हटला की समोर कोणीतरी बांधील असतो. ‘पॅचवर्क’ म्हटले की समोर फक्त डांबर असते.

मराठीत याला वेगळे शब्द होते आणि आहेत. त्यांच्यात फरकही बारीक आहे. फाटलेल्या जागी वरून दुसरे कापड लावले तर ते ठिगळ, आणि ते दिसते. त्याच कापडाचे धागे ओढून भोक विणून काढले तर ते रफू, आणि चांगल्या रफूगराचे काम दिसत नाही. डागडुजी म्हणजे वेळेवर केलेली किरकोळ दुरुस्ती, तीत निंदा नाही. कौलारू घराची डागडुजी दर उन्हाळ्यात करावीच लागते. मलमपट्टी म्हणजे रोग सोडून वरच्या जखमेचा उपचार. आणि सगळेच हाताबाहेर गेले की आभाळ फाटते, मग ठिगळ कुठे कुठे लावणार. बातमीदार यांतले ठिगळ आणि मलमपट्टी सढळ हाताने वापरतो. पेडण्याच्या कोकण रेल्वेच्या बोगद्यात ऑगस्ट २०२० मध्ये आतली भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल रुळांवर आला, गाड्या रद्द झाल्या, आणि दोन्ही वेळा मलमपट्टी हाच शब्द मथळ्यांना जवळचा वाटला. रफू मात्र मथळ्यात कधी येत नाही. वास्तविक सरकारी खुलाशांना तो फार शोभला असता.

राजकारणाच्या पानावर शिवणकाम मागे पडते आणि स्वयंपाकघर पुढे येते. वेगवेगळ्या पक्षांचे सरकार आले की इंग्रजी वार्ताहर त्याला पॅचवर्क म्हणतो, आमचा कडबोळे किंवा खिचडी म्हणतो. गोव्याने या शब्दांना भरपूर काम दिले. १९९० मध्ये चर्चिल आलेमाव अडीच-तीन आठवड्यांचे मुख्यमंत्री झाले आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत सरकारे इतक्या वेगाने बदलली की उपसंपादकांनी मथळे साचे करून ठेवावेत. २०१७ च्या निवडणुकीत ४० पैकी काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या, आणि १४ मार्चला मनोहर पर्रीकरांनी गोवा फॉरवर्ड, मगो आणि अपक्षांना घेऊन शपथ घेतली. ‘कडबोळे सरकार’ हे विशेषण तेव्हा सगळीकडे होते. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आमदार आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ८ आमदार भाजपमध्ये गेले, तेव्हा या कडबोळ्याची गरज संपली, पण त्या प्रकाराला आमच्या पत्रकारितेला चांगला शब्द काही सापडला नाही. ‘घाऊक पक्षांतर’ यावर भागले. दिवाळीच्या फराळात कडबोळी करणाऱ्या बाईला विचारा : भाजणी एकजीव मळली नाही तर कडबोळे तळताना तुटते. बातमीत ते नेमके उलट्या अर्थाने, विजोड माणसांच्या जमावासाठी वापरले जाते. कडबोळ्याने अब्रूनुकसानीचा दावा लावायला हरकत नाही.

खरे पॅचवर्क मात्र घरात असते, पेटीच्या तळाशी.

वाकळ म्हणा, गोधडी म्हणा. पेडण्यात दोन्ही शब्द कानावर येतात. गोव्याच्या या उत्तर टोकाला कडाक्याची थंडी नसते. मार्गशीर्ष-पौषात पहाटे गारवा येतो तेवढाच. तरी घरोघर वाकळ असे, कारण ती अंगावर घ्यायची तशी खाली अंथरायचीही वस्तू. तान्ह्या मुलाला, बाळंतिणीला, आजाऱ्याला ती लागे. मुख्य माल म्हणजे आजीची, आईची जुनी नऊवारी. सुती, शेकडो वेळा धुतलेली, अंगाला लागणारी नाही अशी मऊ. मुंडासे, धोतर, उशीचा अभ्रा, मुलीचा परकर, सगळे चालते. पावसाळा उलटला, अंगण सारवून वाळले की हे काम निघते.

पहिली गोष्ट म्हणजे निवड, आणि ती पाहण्यासारखी असते. बाई प्रत्येक कापड उजेडासमोर धरते. दोन मुठींत पकडून एकदा उभे ओढते, एकदा आडवे. फाटलेले आहे की विरलेले, हे त्यात कळते. फाटलेले चालते, कारण फाटक्या जागेच्या आजूबाजूला कापड घट्ट असते आणि टाका धरतो. विरलेल्या कापडाला टाका घातला की सुईबरोबर कापडच येते. असले तुकडे वर कधीच लागत नाहीत. फार तर मधल्या थरात जातात, नाहीतर पोतेऱ्यात. मग खाली एक सलग लुगडे पसरायचे, त्यावर आतले थर, वर रंगीत तुकडे, चारी बाजूंनी मोठे टाके घालून सगळे जागेवर धरायचे, आणि धावदोरा सुरू. कडेपासून आत, फेऱ्या घालत, ओळीला ओळ लागून. धावदोरा तुकड्याची हद्द पाळत नाही. हिरव्यावरून लालवर, लालवरून फुलाफुलांच्या छिटावर तो सरळ जातो, आणि खालच्या सलग लुगड्यापर्यंत पोचतो. म्हणून वाकळ टिकते. वरचा तुकडा झिजला तरी खालचे सुटत नाही. तिच्यावर पुन्हा ठिगळ लावता येते, आणि लावतातही. काही वाकळी दोन पिढ्यांच्या ठिगळांनी मूळच्यापेक्षा जड झालेल्या असतात.

रस्त्याचे पुस्तक आणि वाकळीची बाई एकच सांगतात, हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आले. कमकुवत कड आधी काढा, खालपर्यंत पोचा, कडेकडून मध्याकडे या.

गोव्याशी नाते सांगणारी आणखी एक वाकळ सह्याद्रीच्या पलीकडे आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या रानात सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि घाट चढून पळालेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या बोलण्यात कोकणी आहे, मराठी आहे, कन्नड आहे. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. तीही कडेपासून आत जाते आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली ‘फुलां’ लागतात. फुलां नसली तर कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. हेन्री ड्रेवल या अमेरिकी कला-अभ्यासकाने त्यांवर काम केल्यावर कवंदी परदेशातल्या संग्रहालयांत गेली आणि इंग्रजी नियतकालिकांत ‘पॅचवर्क क्विल्ट’ या नावाने सुंदर छायाचित्रांसह छापून आली. सिद्दी माणसांना जमिनीच्या कागदांसाठी किती फेऱ्या घालाव्या लागतात, हा मजकूर त्या छायाचित्रांच्या शेजारी सहसा नसतो.

मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावरही पॅचवर्क विकायला असते. लमाणी बायका खांद्यावर ढीग टाकून वाळूत फिरतात. आरसे, कवड्या, जुन्या घागऱ्यांचे तुकडे जोडलेल्या चादरी, भिंतीवर लावायचे पडदे, पिशव्या. घ्यायचे तर घासाघीस करावी लागते आणि रशियन गिऱ्हाईक ती मनापासून करते. प्रवासवर्णने लिहिणाऱ्या पत्रकारांना हे दृश्य फार आवडते. एकाच परिच्छेदात पॅचवर्कची चादर येते आणि दुसऱ्या वाक्यात खुद्द मोरजीच ‘संस्कृतींचे पॅचवर्क’ होऊन जाते : रशियन पाट्या, मोरजाईचे देऊळ, योगवर्ग, मासळी. ‘छोटा रशिया’ हेही नाव असेच पडले. मला अशा वाक्यांचा कंटाळा येतो. तुकडे शेजारी शेजारी आहेत एवढे ती सांगतात. त्यांच्यातून दोरा कोणता गेला आहे, की गेलेलाच नाही, हे सांगत नाहीत. विठ्ठलदासवाड्यावरच्या खोल्यांचे भाडे कोणाला जाते, तेंबवाड्यावर नोव्हेंबरपासून सागरी कासवे अंडी घालायला येतात तेव्हा संगीत किती वाजता बंद होते, मासेमारीची होडी ओढायला जागा कुठे उरली, हे दोऱ्याचे प्रश्न आहेत. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत मोरजी-मांद्रेचा किनारा आगोंद, गालजीबागसह कासवांचा म्हणून नावानिशी नोंदला आहे. ऑलिव्ह रिडले मादी एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि पिल्ले दीडेक महिन्यात बाहेर येतात. त्या काळात वनखाते वाळूत जाळीचे कुंपण घालते. कुंपणाच्या आत एक कायदा, बाहेर दहा पावलांवर खुर्च्या.

रूपक जपून वापरले तर काय होते याची उदाहरणे आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेत जेसी जॅक्सन यांनी पक्षाच्या अधिवेशनात सांगितले की आपला देश सलग विणलेली चादर नसून अनेक तुकड्यांची, एका दोऱ्याने शिवलेली गोधडी आहे. दोऱ्याचा उल्लेख त्यांनी गाळला नाही. तीनच वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९८७ ला, वॉशिंग्टनच्या मैदानात एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ शिवलेली गोधडी अंथरली गेली : तीन फूट बाय सहा फुटांचे १,९२० तुकडे, प्रत्येकावर एक नाव, बहुतेक सगळे घरच्यांनी किंवा मित्रांनी शिवलेले. वार्ताहरांना तिथे विशेषणे शोधावी लागली नाहीत. तुकडे मोजले आणि नावे वाचली. आपल्याकडे लोकांनी गाडगेबाबांना गोधडे महाराज म्हटले ते रूपक नव्हते, बाबांच्या अंगावर खरोखरच चिंध्यांची गोधडी होती.

आता जमीन. पेडण्यात पॅचवर्कची सगळ्यात मोठी बातमी इथे आहे आणि ती कधी त्या नावाने छापली जात नाही.

हा महालच गोव्याला उशिरा जोडलेला. तिसवाडी, बार्देश, सासष्टी पोर्तुगिजांकडे सोळाव्या शतकातच गेल्या. पेडणे सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांकडून १७८८ साली आले. डिचोली-सत्तरी त्याच्या थोड्या आधी. त्याहीआधी, १७४६ मध्ये, तेरेखोलचा किल्ला घेतलेला. नकाशा पाहा : तेरेखोल नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राला चिकटून गोव्याचा एवढासा तुकडा आजही आहे, आणि केरीच्या लोकांना तिथे फेरीने जावे लागते. जोडाच्या या खुणा कायद्यातही राहिल्या. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि तिचा काही भाग अजून लागू आहे, हिंदूंच्या रूढींसाठी १८८० चा वेगळा हुकूम, मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, आणि मयेसारख्या गावात परागंदा मालकांच्या मिळकतीचा तिढा सोडवायला २०१४ चा स्वतंत्र कायदा. मोरजीतल्या एखाद्या घराचा एक-चौदाचा उतारा काढला तर त्यात मालकांची रांग, इतर हक्कांत कुळाचे नाव, आणि घरात राहतो तो तिसराच. प्रत्येक कायदा कोणाच्या तरी गरजेने आला, आणि बहुतेकांनी जुना कायदा न उसवता वरून ठिगळ लावले.

जमीन स्वतः मात्र सलग होती. वर सडा, उतारावर काजू, खाली घरे आणि माड, मग सरदची शेते, पाणी असेल तिथे वायंगण, आणि नदीकाठी खाजन. सड्यावर मुरलेले पाणी विहिरीत येते, विहिरीचे शेतात. मेरा घातलेल्या शेतांना विमानातला पत्रकार पॅचवर्क म्हणेल, पण एका मेरेतले पाणी दुसऱ्या मेरेतून जाते हे शेतकऱ्याला ठाऊक असते.

प्रादेशिक आराखड्यात या सगळ्याला रंग आले. पिवळा, हिरवा, गडद हिरवा. आणि मग रंग बदलण्याचे कायदे. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेला २०११ चा आराखडा गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्याच्या जागी २०२१ चा आराखडा आला. पण सबंध आराखडा बदलायला गेले की लोक सबंध उठतात, हे एकदा कळल्यावर तुकडे सुरू झाले. २०१८ मध्ये नगरनियोजन कायद्यात १६ब हे कलम आले, २०२३ मध्ये १७(२). आराखड्यातली ‘अनवधानाने झालेली चूक’ सुधारण्यासाठी, अर्ज येईल त्याप्रमाणे, एकेका सर्व्हे क्रमांकाचा झोन बदलायचा. बागायत होती ती सेटलमेंट, भातशेत होते तेही सेटलमेंट. राजपत्रात ओळ येते : गाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, आधीचा विभाग, नवा विभाग. बस. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पेडणे तालुक्याचा झोनिंग आराखड्याचा मसुदा आला. त्यात तालुकाच्या तालुका एका कागदावर दिसला, आणि विरोध इतका झाला की मसुदा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी जानेवारीत तालुक्यातल्याच मोपाचा विमानतळ सुरू झाला होता, त्यामुळे त्या कागदावरच्या रंगांचा भाव काय, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

मसुदा गेला, तुकड्यांची वाट उघडी राहिली. गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान आणि खाजन सोसायटी उच्च न्यायालयात गेल्या. १३ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) चे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. मधल्या दोन वर्षांत वर्तमानपत्रांत याच्या बातम्या आल्या नाहीत असे नाही. रोज आल्या. ‘अमुक गावात भूरूपांतर’, ‘ग्रामसभेत डोंगरकापणीचा निषेध’, ‘सर्व्हे क्रमांक तमुकमध्ये काम बंद पाडले’. प्रत्येक बातमी आपल्या गावाच्या नावाखाली, प्रत्येक वार्ताहर आपल्या गावापुरता. मोरजीच्या बातमीला मांद्रेची माहिती नाही, मांद्रेच्या बातमीला धारगळची नाही. जमिनीचे तुकडे पाडणाऱ्यांना बातम्यांचे तुकडे सोयीचेच होते.

वर्तमानपत्राला शिवणकाम येत नाही म्हणावे तर तेही खरे नाही. संगणकावर पान लागण्याच्या आधीची काही वर्षे आमच्या व्यवसायात अक्षरशः कात्री आणि गोंद होता. मजकूर ब्रोमाइडच्या लांब पट्ट्यांवर निघे. पेस्टिंगवाला त्या कापून निळ्या रेघांच्या पानावर चिकटवी. उशिरा चूक सापडली की दुरुस्तीची एक ओळ वेगळी काढून, ब्लेडने नखाएवढी कापून, चिमट्याने जुन्या ओळीवर बसवायची. वेलांटी सरळ आली पाहिजे, शिरोरेघ शिरोरेघेला भिडली पाहिजे. हात थरथरला तर सकाळी वाचकाला ती ओळ थोडी तिरकी दिसे. रात्री अकराला पणजीच्या डेस्कवर पेडणे, डिचोली, सांगे, काणकोणच्या पट्ट्या एकाच टेबलावर पडलेल्या असत, आणि एखादा जाणता उपसंपादक पाच गावांच्या पाच पट्ट्या शेजारी ठेवून म्हणे, अरे, ही तर एकच बातमी आहे. मग मुख्य बातमी एक आणि चार चौकटी. आता पाने तालुक्यागणिक वेगळी, आवृत्त्या वेगळ्या, मजकूर फोनवरून थेट साच्यात. टेबल गेले.

आणि वार्ताहराचा विचारही करायला हवा. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पूर्णवेळ पगारी नसतो. मानधनावर बातमी पाठवतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी दुकान चालवतो, कोणी जाहिरातीही गोळा करतो. गावातल्या प्रत्येकाला तो ओळखतो आणि प्रत्येकजण त्याला. कोणत्या सर्व्हे क्रमांकामागे कोण आहे हे त्याला पणजीच्या कोणाही संपादकापेक्षा आधी कळते. छापायचे म्हटले तर उद्या त्याच रस्त्याने घरी जायचे असते. ‘पॅचवर्कचे काम सुरू’ हे कर्ता नसलेले वाक्य त्याच्या लेखणीतून उतरते ते भाषेच्या दारिद्र्यामुळे नव्हे.

१७(२) ची प्रकरणे न्यायालयात चालू असतानाच, २०२४ मध्ये, त्याच कायद्यात ३९अ हे नवे कलम आले. त्याखाली झोन बदलायचा तर आधी नोटीस काढून तीस दिवस हरकती मागवाव्या लागतात. गोव्याचे राजपत्र गुरुवारी निघते. मराठी दैनिकांचे पेडणे, डिचोली, बार्देशचे वार्ताहर एका टेबलाशी बसून यादी गावानुसार लावायची म्हणाले, तर हरकतीची मुदत संपायच्या आत त्यांना चार गुरुवार मिळतात.